खिडकीच्या कोपऱ्यातलं हिरवं कासव: विंडोज ११ आणि आमच्या ४१ व्हीएम

पार्श्वभूमी

एका सॉफ्टवेअर कंपनीच्या चाचणी विभागात घडलेलं हे प्रकरण आहे. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, तांत्रिक भागाला मात्र हात लावलेला नाही. मी त्या विभागात होते आणि पहिला चुकीचा निर्णय माझा होता, म्हणून लिहायलाही मीच बसले आहे.

विभागात आम्ही नऊ जण. ग्राहकांकडे जुन्या-नव्या नाना तऱ्हेच्या ऑपरेटिंग सिस्टीम असतात. आमचं सॉफ्टवेअर त्या प्रत्येकीवर बसलं पाहिजे, चाललं पाहिजे आणि काढलं तर मागे कचरा न ठेवता निघालं पाहिजे. एवढी खरी यंत्रं ठेवणं शक्य नसतं. म्हणून प्रत्येकाच्या लॅपटॉपवर चार-पाच व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक), म्हणजे व्हीएम, असायच्या. सगळ्या मिळून ४१, आणि त्या चालवायला व्हर्च्युअलबॉक्स. प्रत्येक व्हीएमचा एक ‘कोरा’ स्नॅपशॉट, म्हणजे जतन करून ठेवलेली मूळ स्थिती, असे. चाचणी झाली की व्हीएम त्या स्नॅपशॉटवर परत न्यायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी पाटी कोरी.

रात्री नऊला लॅपटॉप चार्जरला लावायचे, चाचण्यांचा संच सुरू करायचा आणि घरी जायचं, असा शिरस्ता होता. संच साधारण चार तासांत उरकायचा, सकाळी अहवाल समोर असायचा. हे चार तास इतके अंगवळणी पडले होते की ते कुठे लिहून ठेवावेत असं कुणालाच वाटलं नव्हतं.

आणखी एक तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो. व्हर्च्युअलबॉक्सचं होस्ट-ओन्ली नेटवर्क, म्हणजे फक्त लॅपटॉप आणि त्यावरच्या व्हीएम यांच्यातलं नेटवर्क, मूळ मांडणीत १९२.१६८.५६ या पट्ट्यात असतं. आमच्या स्क्रिप्टांमध्ये व्हीएमचे पत्ते थेट त्याच पट्ट्यातले, टाइप करून ठेवलेले होते. एकदोन ठिकाणी नव्हे, शेकडो ओळींत.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीर झालेलं होतं, तेव्हा विंडोज ११ वर कधी ना कधी जायचंच होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये २२एच२ ही आवृत्ती आली. ती थोडी रुळल्यावर आयटी विभागाने सगळ्यांचे लॅपटॉप तिच्यावर न्यायचं ठरवलं आणि आम्हाला विचारलं, “तुमच्या व्हीएम नव्या विंडोजवर चालतात का, तेवढं बघून कळवा.”

मी बघितलं. एका लॅपटॉपवर नवी विंडोज चढवून घेतली, व्हर्च्युअलबॉक्स ७.० टाकला, तीन व्हीएम सुरू केल्या. तिन्ही उठल्या, लॉगिन झालं, पिंगला उत्तर आलं. वीस मिनिटांत काम झालं आणि मी एका शब्दाचा मेल पाठवला: “चालतंय.”

समस्या

पहिल्या खेपेला पाच लॅपटॉप बदलले, आठवडाभराने उरलेले चार. पहिल्या पाचांपैकी दोघे तेव्हा दुसऱ्या कामात होते, एक रजेवर होता. त्यामुळे रात्रीचा संच पहिले काही दिवस बहुतेक जुन्या लॅपटॉपांवरच चालला आणि काही विशेष दिसलं नाही.

दुसऱ्या खेपेनंतरच्या पहिल्याच सकाळी अहवाल आला नाही. नऊ वाजता आम्ही आलो तेव्हा संच चालूच होता. बारा तास झाले होते.

त्याहून वाईट म्हणजे जो अर्धामुर्धा अहवाल हाती आला, त्यात ३० सेकंदांच्या मर्यादेवर अडकलेल्या चाचण्यांची रांग होती. ‘सेवा वेळेत सुरू झाली नाही.’ ‘उत्तर आलं नाही.’ वाचताना ते थेट आमच्या सॉफ्टवेअरमधले दोष वाटत होते. त्याच आठवड्यात डेव्हलपरांनी सेवा सुरू होण्याच्या कोडमध्ये बदल केलेला होता, त्यामुळे संशयाचं बोट तिकडेच गेलं. दोन डेव्हलपर दोन दिवस नसलेला दोष शोधत बसले. त्या दोन दिवसांची रुखरुख मला आजही आहे, कारण त्यांनी आमच्या अहवालावर विश्वास ठेवला होता.

मग आम्ही आपापल्या परीने उपाय सुरू केले. अँटिव्हायरसमधून व्हीएमचा फोल्डर वगळला. गेस्ट ॲडिशन्स, म्हणजे व्हीएमच्या आत टाकायचं व्हर्च्युअलबॉक्सचं पूरक सॉफ्टवेअर, नव्याने टाकल्या. एकाने व्हीएमला दोनाऐवजी चार प्रोसेसर देऊन पाहिले, तर ती आणखी मंदावली. उलट परिणाम झाला हाच खरं तर धागा होता, पण आम्ही सेटिंग पूर्ववत करून पुढे गेलो. अपग्रेडच्या आधी काही व्हीएम बंद न करता चालू स्थितीत ‘सेव्ह’ करून ठेवल्या होत्या. त्यातल्या दोन उठायलाच तयार नव्हत्या, त्यांची जतन केलेली स्थिती टाकून द्यावी लागली. हाही धागा सुटला.

निदान

उलगडा झाला तो विभागात दोनच महिन्यांपूर्वी आलेल्या एका मुलीमुळे. ती आणि मी एकाच टेबलावर, एकसारखे दोन लॅपटॉप शेजारी ठेवून बसलो होतो. एक बदललेला, दुसरा दुसऱ्या विभागाकडून मागून आणलेला, अजून विंडोज १० वरचा. दोन्हींवर तीच व्हीएम. ती बराच वेळ एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनकडे बघत होती. मग म्हणाली, “मॅडम, हे कासव कशाचं आहे?”

व्हीएमच्या खिडकीच्या तळाशी, उजवीकडे, डिस्क, नेटवर्क, यूएसबी यांच्या बारीक चिन्हांची ओळ असते. विंडोज १० च्या लॅपटॉपवर त्या ओळीत प्रोसेसरच्या चिपचं चिन्ह होतं. नव्या लॅपटॉपवर त्याच जागी एक इवलंसं हिरवं कासव. माउस त्यावर नेला तर एक चौकट उघडली. एक्झिक्यूशन इंजिनपुढे जुन्या लॅपटॉपवर ‘व्हीटी-एक्स’ होतं, नव्यावर ‘नेटिव्ह एपीआय’.

मग व्हीएमची लॉग फाइल उघडली. सुरुवातीच्या ओळींत स्वच्छ लिहिलेलं होतं: व्हीटी-एक्स उपलब्ध नाही, पर्यायी मार्गाने जात आहोत. आणि पुढे, ‘स्नेल एक्झिक्यूशन मोड’ चालू आहे, पूर्ण वेग हवा असेल तर हायपर-व्हीवर अवलंबून असलेल्या विंडोजच्या सोयी बंद करा. चित्रात कासव, लॉगमध्ये गोगलगाय. आठवडाभर प्रत्येकाच्या स्क्रीनवर उत्तर होतं आणि आम्ही अँटिव्हायरस धुंडाळत होतो.

हे कशामुळे होतं, ते थोडं सविस्तर सांगते. व्हीएम झटपट चालते ती प्रोसेसरमधल्या खास सोयीमुळे. इंटेलमध्ये तिला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीमध्ये एएमडी-व्ही. या सोयीची चावी एका वेळी एकाच हायपरवायझरच्या, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, हातात असते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसंच. आमच्या विंडोज १० च्या लॅपटॉपांवर ही चावी व्हर्च्युअलबॉक्स घ्यायचा. विंडोजचा स्वतःचा हायपरवायझर, हायपर-व्ही, चालू झाला की तो यंत्र सुरू होतानाच सगळ्यांच्या खाली जाऊन बसतो, अगदी विंडोजच्याही खाली, आणि चावी त्याच्याकडे जाते. मग व्हर्च्युअलबॉक्सला प्रत्येक गोष्ट हायपर-व्हीकडून मागून घ्यावी लागते. २०१८ अखेरच्या ६.० आवृत्तीपासून व्हर्च्युअलबॉक्सला असं मागून घेऊन चालणं जमतं. म्हणूनच व्हीएम उठत होती, लॉगिन होत होतं, पिंगला उत्तर येत होतं. फक्त डिस्कवर लिहिणं, नेटवर्कवर बोलणं अशा प्रत्येक वेळी पडणारा हेलपाटा लांबला होता. आमच्या चाचण्या म्हणजे सॉफ्टवेअर टाकणं-काढणं, म्हणजे डिस्कवर हजारो बारीक फायली. सगळ्यात मोठा फटका नेमका तिथेच.

पण हायपर-व्ही तर आम्ही कुणी चालू केलेला नव्हता. मग सिस्टीम इन्फर्मेशनची खिडकी उघडली. ‘व्हर्च्युअलायझेशनवर आधारित सुरक्षा: चालू’. खाली सेवांच्या यादीत क्रेडेन्शियल गार्ड. २२एच२ पासून विंडोज ११ च्या एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांत, हार्डवेअर अटींत बसत असेल तर, क्रेडेन्शियल गार्ड आपोआप चालू होतो. लॉगिनची गुपितं, म्हणजे पासवर्डचे हॅश (पासवर्डपासून बनवलेली सांकेतिक रूपं) आणि केर्बेरॉस या लॉगिन पद्धतीची तिकिटं, तो एका वेगळ्या कप्प्यात ठेवतो. विंडोजवर पूर्ण ताबा मिळवलेल्या घुसखोरालाही ती तिथून उचलता येऊ नयेत, हा हेतू. तो कप्पा हायपर-व्हीच्या भिंतीने बनतो.

हा बदल कुणी लपवलेला नव्हता, नव्या आवृत्तीच्या माहितीत तो जाहीर लिहिलेला होता. व्हर्च्युअलबॉक्सनेही लॉगमध्ये आणि स्क्रीनवर सांगितलं होतं. वाचलं नाही ते आम्ही.

याच ओघात आणखी एक गोष्ट कळली. आमच्या दोन डेव्हलपरांच्या लॅपटॉपवर व्हीएम कायमच रडत चालायच्या. त्यांचे लॅपटॉप जुने झालेत, असं सगळे धरून चालले होते. ते दोघे डब्ल्यूएसएल २, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, वापरत होते, आणि तेही हायपर-व्हीच्याच पायावर उभं असतं. म्हणजे हा प्रश्न आमच्या घरात विंडोज १० च्या काळापासूनच होता.

पर्याय

कारण कळल्यावर हायसं वाटलं, पण ते दहा मिनिटंच टिकलं. आता ठरवायचं होतं.

सगळ्यात सरळ वाट होती मागे फिरण्याची. अपग्रेड केल्यानंतर आधीच्या विंडोजवर परत जायची सोय मूळ मांडणीत १० दिवस असते. दुसऱ्या खेपेच्या चार लॅपटॉपांना ती होती. पहिल्या खेपेच्या पाचांचा बारावा दिवस उजाडला होता. चार मागे आणि पाच पुढे, असा विभाग चालवण्यात अर्थ नव्हता. शिवाय विंडोज १० वर राहणं म्हणजे प्रश्न पुढे ढकलणं.

एकाने सुचवलं, व्हर्च्युअलबॉक्स सोडा, व्हीएमवेअर वर्कस्टेशन घ्या. ऐकायला बरं वाटलं. पण हायपर-व्ही चालू असलेल्या यंत्रावर व्हीएमवेअर वर्कस्टेशनलाही, १५.५.५ पासून, विंडोजच्या त्याच दारातून जावं लागतं. गाडी बदलली तरी रस्ता तोच. एका लॅपटॉपवर आम्ही करून पाहिलं. थोडा फरक पडला, चार तासांच्या जवळपासही नाही. हा पर्याय अर्ध्या दिवसात निकालात निघाला याचं मला बरं वाटतं, कारण अशा वेळी नवीन खरेदीचा मोह फार ओढतो.

तिसरा पर्याय म्हणजे क्रेडेन्शियल गार्ड आणि त्यासोबत हायपर-व्ही बंद करणं. तांत्रिकदृष्ट्या हे सोपं. आपोआप चालू झालेला क्रेडेन्शियल गार्ड यूएफईआयच्या (यंत्र सुरू करणाऱ्या फर्मवेअरच्या) कुलपाशिवाय असतो, त्यामुळे ग्रुप पॉलिसी किंवा रजिस्ट्रीतून बंद होतो. बीसीडीएडिट या, विंडोज सुरू होण्याची सेटिंग बदलणाऱ्या, आज्ञेच्या एका ओळीने हायपरवायझर सुरूच होऊ नये असंही करता येतं. रिबूट केलं की कासव गेलं, चिप परत आली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. आमच्यातल्या एकाने निदानाच्याच संध्याकाळी, कुणाला न विचारता, आपल्या लॅपटॉपवर हे करून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याचा संच चार तासांत संपला आणि तो आनंदाने सगळ्यांना ती ओळ पाठवू लागला. मला त्याचा राग आला नाही. अडलेलं काम मोकळं करण्याचीच त्याची धडपड होती. पण आमच्या लॅपटॉपांवर चाचणीसाठी ॲडमिन हक्कांची खाती असतात आणि ती कंपनीच्या डोमेनला, म्हणजे सगळ्यांच्या लॉगिनच्या मध्यवर्ती व्यवस्थेला, जोडलेली असतात. ज्या यंत्रांवर रोज नाना प्रकारचं अर्धवट सॉफ्टवेअर टाकलं जातं, तिथूनच हॅश चोरीला जाण्याचा धोका जास्त. हॅश हाती लागला की पासवर्ड माहीत नसतानाही त्याच्या जोरावर पुढच्या यंत्रांत शिरता येतं. म्हणजे क्रेडेन्शियल गार्ड जिथे सगळ्यात जास्त हवा, तिथेच आम्ही तो काढायला निघालो होतो.

सुरक्षेचं काम बघणाऱ्या सरांकडे मी स्वतः गेले आणि झालेलं सगळं सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी एकच विचारलं, “तुम्हाला ते बंद हवंय, की काम वेळेत हवंय?” काम वेळेत हवंय, म्हटलं. “मग बंद करायची यंत्रं मोजकी ठेवा, ती डोमेनमधून काढा आणि किती दिवसांसाठी ते लिहून द्या. बाकीच्यांचा दुसरा मार्ग शोधू.” या बोलण्याने पर्यायांची मांडणीच बदलली. आधी आम्ही ‘सुरक्षा की वेग’ असं मोजत होतो, आता ‘कुठली व्हीएम कुठे’ असं मोजू लागलो.

मग उरले दोन पर्याय. चावी हायपर-व्हीकडेच आहे तर व्हीएम हायपर-व्हीतच न्यायच्या, कारण तिथे व्हीएम थेट त्याच्या हाताखाली चालते, काही मागून घ्यावं लागत नाही. किंवा व्हीएम लॅपटॉपवरून काढून लिनक्स आणि केव्हीएम (लिनक्सचा स्वतःचा हायपरवायझर) असलेल्या एका वेगळ्या यंत्रावर ठेवायच्या.

हायपर-व्हीचं पारडं जड होतं. तो आमच्या विंडोजमध्ये आधीच होता आणि सुरक्षेला हात लावावा लागत नव्हता. अडचण एकच होती, पण पक्की. यूएसबीचं कुठलंही उपकरण उचलून सरळ व्हीएमला देण्याची सोय हायपर-व्हीत नाही. आमच्या सात व्हीएमना परवान्याची यूएसबी चावी किंवा सीरियल जोडणीचं उपकरण लागायचंच.

काय केलं

तीन वाटण्या केल्या. यूएसबी न लागणाऱ्या ३४ व्हीएम हायपर-व्हीत. यूएसबीवाल्या सात केव्हीएमच्या यंत्रावर. आणि हे होईपर्यंत रात्रीचा संच अडू नये म्हणून दोन लॅपटॉप डोमेनमधून काढून, हायपर-व्ही बंद करून, सहा आठवड्यांच्या मुदतीवर. ती मुदत कागदावर लिहून सरांना दिली. ज्या सहकाऱ्याने आपल्या लॅपटॉपवर बदल केला होता, तो त्याने त्याच दिवशी मागे घेतला.

व्हीएम हलवणं कागदावर तीन ओळींचं काम: डिस्कची प्रत व्हीएचडी या फाइल-स्वरूपात काढा, ती व्हीएचडीएक्स या नव्या स्वरूपात आणा, नव्या व्हीएमला जोडा. पहिल्या दोन विंडोज गेस्ट, म्हणजे आत विंडोज असलेल्या व्हीएम, तशाच झाल्याही. आधी गेस्ट ॲडिशन्स काढल्या, व्हीएम पूर्ण बंद केली, मग प्रत घेतली. जुन्या बायोसवर बसवलेल्या गेस्टना हायपर-व्हीची पहिली पिढी निवडायची, यूएफईआयवाल्यांना दुसरी. यात चूक झाली तर काळ्या पडद्यापलीकडे काही दिसत नाही.

लिनक्स गेस्टनी मात्र खरी परीक्षा घेतली. रेड हॅटच्या घराण्यातल्या एका व्हीएमने सुरू होताना डिस्कच सापडत नाही म्हणून ड्रॅकट या सुरुवातीच्या साधनाच्या आणीबाणीच्या शेलमध्ये नेऊन सोडलं. कारण असं की तिची इनिटरामएफएस प्रतिमा, म्हणजे खरी डिस्क सापडेपर्यंत सिस्टीम चालवणारी छोटी फाइल, ज्या यंत्रावर बनली, त्याच यंत्राचे ड्रायव्हर घेऊन बनते. तिला व्हर्च्युअलबॉक्सचा साटा कंट्रोलर माहीत होता, हायपर-व्हीची डिस्क नव्हती. लिनक्समध्ये हायपर-व्हीचे ड्रायव्हर असतातच, फक्त ते त्या प्रतिमेत आलेले नव्हते. परत व्हर्च्युअलबॉक्समध्ये जाऊन, ते ड्रायव्हर घालून प्रतिमा नव्याने बनवली, मग प्रत घेतली, तेव्हा ती उठली. पुढच्या प्रत्येक लिनक्स गेस्टला हे काम आधीच केलं.

ती उठली तर नेटवर्क नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नेटवर्क कार्डाचं नाव ‘ईएनपी०एस३’ होतं, हायपर-व्हीत ते ‘ईटीएच०’ झालं. पत्ता बांधलेला होता जुन्या नावाला. एक ओळ बदलायची, पण ती ओळ सापडेपर्यंत दुपार गेली.

आणि ते १९२.१६८.५६ चे पत्ते. हायपर-व्हीचा ‘डिफॉल्ट स्विच’ सोयीचा असतो, पण होस्ट, म्हणजे लॅपटॉप, रिबूट झाला की त्याचा पट्टा बदलू शकतो. आमच्या स्क्रिप्टांसाठी तो निरुपयोगी. शेकडो ओळी बदलायच्या की नेटवर्क जुन्यासारखं करायचं, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. आम्ही नेटवर्क जुन्यासारखं केलं: एक अंतर्गत स्विच, होस्टला १९२.१६८.५६.१, गेस्टना त्यांचे जुनेच पत्ते. स्क्रिप्टांना हात लावला नाही. त्या घाईत ते बरोबरच होतं, असं मला अजून वाटतं. यंत्र आणि चाचणी एकाच वेळी बदलली असती, तर बिघाड कुठला हे पुन्हा कळलं नसतं.

स्नॅपशॉटांचं झाड मात्र हलत नाही, हलते ती डिस्कची एक स्थिती. काही व्हीएमचे नऊ-नऊ स्नॅपशॉट होते. आम्ही फक्त ‘कोरा’ घेतला आणि बाकीचे जुन्या रूपात बाहेरच्या डिस्कवर ठेवून दिले. पुढे त्यांतला एकच कधीतरी लागला.

केव्हीएमच्या सात व्हीएमची गोष्ट फार सांगण्यासारखी नाही. डिस्कचं रूपांतर झालं, यूएसबी उपकरणं त्या यंत्राला लावली, चाललं.

निष्पत्ती

सहा आठवड्यांची मुदत आम्ही सात केली. एक आठवडा वाढवून घ्यावा लागला, तोही लेखी. त्यानंतर ते दोन लॅपटॉप डोमेनमध्ये परत आले आणि क्रेडेन्शियल गार्ड सगळीकडे चालू राहिला.

हायपर-व्हीवर रात्रीचा संच चार तास चाळीस मिनिटांत संपू लागला. व्हर्च्युअलबॉक्सच्या चांगल्या काळापेक्षा चाळीस मिनिटं जास्त. ती कुठे जातात हे आम्ही शोधत बसलो नाही, सकाळी अहवाल हातात येत होता. ३० सेकंदांवर अडकणाऱ्या चाचण्या एकूण एक पास झाल्या. ज्या दोन डेव्हलपरांचे दोन दिवस गेले होते, त्यांना मी तो अहवाल स्वतः नेऊन दाखवला.

डब्ल्यूएसएल २ वापरणाऱ्या दोघांच्या व्हीएमही आम्ही त्याच ओघात हलवून दिल्या. त्यांचे ‘जुने झालेले’ लॅपटॉप बदलायची मागणी त्यांनी मागे घेतली.

नुकसान एका बाबतीत राहिलं. आधी कुणीही आपल्या लॅपटॉपवर यूएसबीची चाचणी करू शकायचं. आता त्या एका यंत्रापुढे रांग लागते आणि ते यंत्र बंद पडलं तर सात व्हीएम एकदम बंद.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला निर्णयबिंदू म्हणजे माझा एका शब्दाचा मेल. मला विचारलं होतं ‘चालतात का’ आणि मी ‘उठतात का’ एवढंच तपासलं. त्या लॅपटॉपवर एक रात्र संच लावला असता तर सगळं दुसऱ्या दिवशीच कळलं असतं. पण तुलना कशाशी करणार, हाही प्रश्न होताच, कारण चार तास ही आमची आठवण होती, नोंद नव्हती. आता प्रत्येक व्हीएमचे तीन आकडे आम्ही लिहून ठेवतो: सुरू व्हायला लागलेला वेळ, सॉफ्टवेअर टाकायला लागलेला वेळ आणि संपूर्ण संचाचा वेळ.

दुसरा बिंदू खेपांच्या आखणीचा. नऊपैकी पाच पहिल्या खेपेत, त्यांतलेही तिघे त्या आठवड्यात व्हीएम न वापरणारे, हे कुणी ठरवून केलं नव्हतं, पण बघितलंही नव्हतं. पहिल्या खेपेत एक-दोन लॅपटॉप हवे होते, सगळ्यात जास्त व्हीएम चालवणाऱ्यांचे. आणि परतीचे १० दिवस संपायच्या आत ‘राहायचं की फिरायचं’ हे ठरवायची तारीख कॅलेंडरवर हवी होती.

तिसरी गोष्ट मला त्या वेळी माहीतच नव्हती. २२एच२ वर जाण्याच्या आधी क्रेडेन्शियल गार्ड स्पष्टपणे बंद केलेला असेल, तर अपग्रेडनंतरही तो बंदच राहतो. म्हणजे काही यंत्रांसाठी मुदतीचा अपवाद करायचा तर तो शांतपणे, आधीच, सरांशी बोलून करता आला असता. आम्ही तो आग लागल्यावर केला.

नवी आवृत्ती तपासताना आता मी आधी सिस्टीम इन्फर्मेशनची दोन पानं काढते, जुन्या विंडोजवरचं आणि नव्यावरचं, आणि शेजारी ठेवून वाचते. प्रोसेसरच्या त्या चावीवर नवीन कुणी हक्क सांगितलाय का, हे तिथे दिसतं. ही सवय मला त्या मुलीकडून लागली.

एका प्रश्नावर मात्र विभागात अजून एकमत नाही. स्क्रिप्टांमधले पत्ते आजही तसेच टाइप केलेले आहेत. मला ते एका फाइलमध्ये आणायचे आहेत, दोघांना वाटतं की चालतंय त्याला हात लावू नये.

मध्यंतरी लिनक्स लॅपटॉप वापरणारी एक डेव्हलपर आमच्याकडे आली. तिने सिस्टीम अद्ययावत केली होती, कर्नल ६.१२ आला होता आणि व्हर्च्युअलबॉक्सची एकही व्हीएम उठत नव्हती. तक्रार होती की व्हीटी-एक्स दुसऱ्या हायपरवायझरच्या ताब्यात आहे. त्या कर्नलपासून केव्हीएम आपलं मॉड्यूल लोड होतानाच चावी उचलतो, पहिली व्हीएम सुरू होण्याची वाट पाहत नाही. ती डेव्हलपर स्वतः केव्हीएम वापरतच नव्हती. कर्नलच्या सुरुवातीच्या ओळीत एक सेटिंग घालून आम्ही ते आपोआप उचलणं बंद केलं, रिबूट केलं. चहा गार व्हायच्या आत तिच्या व्हीएम सुरू झाल्या होत्या, आणि खालच्या ओळीतलं चिपचं चिन्ह आमच्या त्या मुलीने सगळ्यात आधी बघून घेतलं.